घर अजून ताब्यात आहे म्हणजे मुदत आहे, असं नाही: बँकेच्या नोटिशीपासून लिलावापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

कर्ज थकलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अजून घरात आम्हीच राहतोय, म्हणजे वेळ आहे." याच वाक्यापायी घरं गेलेली आहेत. ताबा आणि गहाण सोडवण्याचा हक्क यांची मुदत वेगवेगळी चालते. घराची किल्ली तुमच्या खिशात असतानाच सोडवण्याचा हक्क संपलेला असू शकतो. उलट, दाराला बँकेचं सील लागलेलं असतानाही तो शिल्लक असू शकतो. कोणती मुदत कुठे संपते हे कळलं नाही, तर पैसे हातात येऊनही उपयोग होत नाही.

हा लेख २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेने तारण ताब्यात घेऊन विकण्याच्या कारवाईपुरता आहे. या कायद्यात बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही, त्यामुळे "समन्स आलं की बघू" असं म्हणत बसलेल्या माणसाला समन्स कधीच येत नाही.

## टप्पा १: हा कायदा तुमच्या कर्जाला लागू आहे का?

सरकारी आणि खाजगी बँका, गृहकर्ज कंपन्या आणि सहकारी बँका सगळ्यांना हा कायदा वापरता येतो. सहकारी बँकांबद्दलचा वाद सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी पांडुरंग गणपती चौगुले प्रकरणात मिटवला. तरीही "आमची बँक सहकारी आहे, तिला सरफेसी नाही" असं सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पतसंस्थेचं प्रकरण मात्र वेगळं. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ च्या दाखल्यावर चालते, आणि तो रस्ता या लेखात नाही.

लागू नसण्याची कारणं कलम ३१ मध्ये आहेत. कामाची तीन:

- गहाण मालमत्ता शेतजमीन असेल तर. नुसत्या सातबाऱ्यावर भिस्त ठेवू नका. जमीन खरोखर शेतीसाठी वापरात आहे हे कर्जदाराला दाखवावं लागतं.
- उरलेली बाकी मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर.
- तारण १ लाख रुपयांपेक्षा जास्त नसलेल्या कर्जासाठी असेल तर.

तपासा: बाकी २० टक्क्यांच्या आसपास असेल तर खातेउतारा घेऊन स्वतः हिशोब करा. हा मुद्दा हातात असूनही न मांडल्याने गेलेली प्रकरणं आहेत.

## टप्पा २: तारखांची वही

काहीही लिहायच्या किंवा भरायच्या आधी एक साधी वही करा. डाव्या बाजूला कागद, मध्ये त्यावरची तारीख, उजवीकडे तो प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख. पाकिटं फेकू नका, पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो. दारावर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो काढून ठेवा, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं अख्खं पान ठेवा, नुसतं कात्रण नको. पानावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असते.

वहीसोबत हे कागद लावा: कर्जमंजुरीचं पत्र, गहाणाचे कागद, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, बँकेशी झालेला सगळा पत्रव्यवहार. खातेउतारा मागायचा तो लेखी मागा आणि पोच घ्या.

नेहमीची चूक: नोटीस न स्वीकारणं. पोस्टमनला "घरी कोणी नाही" म्हणून परत पाठवलं की नोटीस दारावर लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, आणि ती बजावली गेली असंच धरलं जातं. पदरात पडतं ते एवढंच, की शेजाऱ्यांना तुमच्याआधी कळतं.

## टप्पा ३: मागणी नोटीस आणि ६० दिवस

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) होतं. त्यानंतर कलम १३(२) ची मागणी नोटीस येते. नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवसांत सगळी बाकी भरा, असं त्यात असतं. तारीख नोटिशीवरची धरा. पाकीट उशिरा उघडलं म्हणून हिशोब पुढे ढकलू नका.

नोटीस हातात आल्यावर आधी या गोष्टी बघा: रक्कम कोणत्या तारखेपर्यंतची आहे, खातं एनपीए झाल्याची तारीख, मालमत्तेचं वर्णन (गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्रफळ), आणि सहकर्जदार व जामीनदार सगळ्यांना नोटीस गेली आहे का. वर्णनातली चूक किरकोळ वाटते, पण पुढे हीच चूक ताब्याच्या नोटिशीत आणि जाहिरातीत उतरते.

आता एक गैरसमज. एखाददुसरा हप्ता भरला की खातं सुधारलं, असं लोक समजतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की मुद्दल आणि व्याज दोन्हीची सगळी थकबाकी भरली तरच खातं पुन्हा नियमित होतं. पाच हप्ते थकले असताना दोन भरलेत तर पैसे गेले आणि एनपीएचा शिक्का तसाच राहिला. तेवढेच पैसे असतील तर ते कुठे वापरायचे याचा विचार पुढचे टप्पे वाचून करा.

सावधान: नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, भावाच्या नावावर करता येत नाही. कलम १३(१३) तसं सांगतं. "घाईत बक्षीसपत्र करून ठेवू" हा सल्ला देणारा तुमचा हितचिंतक असेलही, पण तो तुम्हाला खड्ड्यात घालतोय.

## टप्पा ४: हरकतीचं पत्र

कलम १३(३अ) खाली तुम्ही लेखी हरकत देऊ शकता, आणि ती मान्य नसेल तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. बहुतेक लोक हे पत्र वाया घालवतात. दोन पानं धंदा कसा बुडाला, आजारपण कसं आलं, यावर खर्च होतात. खरं असतं, पण त्याने कायद्याच्या भाषेत काहीच हलत नाही.

पत्रात आकडे हवेत. कोणत्या तारखेचा हप्ता जमा दाखवलेला नाही, दंडव्याज कोणत्या कलमाने लावलं, एनपीएची तारीख का चुकीची आहे, मालमत्तेचं वर्णन कुठे चुकलं आहे. मुद्द्यांना क्रमांक द्या. शेवटी एका परिच्छेदात तुमचा प्रस्ताव: किती, कधी, कुठून. पत्र प्राधिकृत अधिकाऱ्याच्या (बँकेने या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) नावाने, शाखेत हातपोच आणि शिवाय स्पीड पोस्टाने.

बँकेचं उत्तर पटलं नाही म्हणून त्याच टप्प्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जाता येत नाही. मग पत्राचा उपयोग काय? पुढे डीआरटीत गेल्यावर "हा मुद्दा आम्ही वेळेवर मांडला होता" हे दाखवणारा तोच कागद असतो.

## टप्पा ५: विकायचंच असेल तर स्वतः विका

कर्ज फेडण्याइतकं उत्पन्न येत्या वर्षभरात दिसत नसेल, तर घर वाचवण्याचा हट्ट सोडून ते बँकेच्या संमतीने स्वतः विकणं हा माझ्या मते सर्वात चांगला मार्ग आहे, आणि लोक तो सर्वात उशिरा धरतात. लिलावात येणारा ग्राहक धोक्याचं मोल कापूनच बोली लावतो: राहती माणसं, कज्जे, थकलेली पाणीपट्टी. उघड्या बाजारातला ग्राहक ते कापत नाही.

क्रम असा ठेवा: आधी बँकेकडून आजची एकूण बाकी लेखी घ्या. ग्राहक शोधा. बँकेला संमतीसाठी अर्ज द्या, सोबत ग्राहकाचं पत्र. संमती लेखी आल्यावरच करार करा. ग्राहकाचे पैसे थेट कर्जखात्यात जाऊ द्या. इसाराची रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊन दुसऱ्या देण्यात घातली, की ग्राहकही भांडतो आणि बँकही.

हे सगळं ६० दिवसांच्या आत सुरू झालं पाहिजे. लिलावाची जाहिरात छापून आल्यावर बँकेला यासाठी थांबायचं कारण उरत नाही.

## टप्पा ६: सांकेतिक ताबा, म्हणजे ४५ दिवस सुरू

६० दिवस संपले आणि पैसे आले नाहीत की बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. सहसा आधी सांकेतिक. घराबाहेर कोणी काढत नाही. दारावर ताब्याची नोटीस लागते आणि ७ दिवसांच्या आत दोन आघाडीच्या वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं.

संसार जागच्या जागी असतो, म्हणून हा प्रकार लोकांना कागदोपत्री वाटतो. इथेच सर्वात मोठी चूक होते. कलम १७ खाली डीआरटीत जाण्याची मुदत कारवाई झाल्याच्या तारखेपासून ४५ दिवस आहे. सांकेतिक ताब्याविरुद्धही अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हिंदॉन फोर्ज प्रकरणात सांगितलं आहे. प्रत्यक्ष हुसकावून लावेपर्यंत थांबणारा माणूस ते ४५ दिवस घरात बसूनच घालवतो.

इतर दारं ठोठावून बघायचा मोहही होतो. दिवाणी कोर्टाचं दार कलम ३४ ने बंद आहे. उच्च न्यायालयात रिट करावी, तर डीआरटीचा मार्ग असताना रिटमध्ये हात घालू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सत्यवती टंडन प्रकरणात सांगितलं आहे. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. तुमचं प्रकरण कोणाकडे जातं ते वकिलाकडून आधी पक्कं करून घ्या.

डीआरटीत जाताना पैशांची थोडी तरी तयारी ठेवा. स्थगिती देताना काही रक्कम भरायची अट बहुधा घातली जाते. टप्पा ३ मधले ते दोन हप्त्यांचे पैसे इथे जास्त कामाला येतात. आदेश मिळाला की त्याची प्रत त्याच दिवशी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. अटीची रक्कम एक दिवस उशिरा भरली तरी स्थगिती उडू शकते.

तपासा: वहीत सांकेतिक ताब्याची तारीख लिहिली का? तिच्यापुढे ४५ वा दिवस लाल पेनाने लिहा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष ताबा

घरात माणसं असतील तर बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते. सोबत बाकी, नोटीस, हरकतीचं उत्तर वगैरे नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र असतं. आदेश ३० दिवसांत द्यायचा असतो, कारणं नोंदवून एकूण ६० दिवसांपर्यंत. प्रत्यक्षात याहून उशीर होतो, पण उशीर झाला म्हणून आदेश रद्द होत नाही. इथे तुमची बाजू ऐकण्यासाठी सुनावणी नसते. दंडाधिकारी फक्त कागद पुरे आहेत का ते बघतो. त्यामुळे कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालून निवेदनं देणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर रांग लावणं.

मग एक दिवस तहसीलदार कार्यालयाचे अधिकारी किंवा नेमलेले वकील कमिशनर, पोलीस आणि बँकेची माणसं येतात. घर बंद असेल तर कुलूप तोडता येतं. त्या दिवसाची तयारी आधीच करा:

- मूळ कागदपत्रं, शाळेचे दाखले, औषधं आणि दागिने आधीच हलवा.
- आदेशाची प्रत मागा, तिच्यावरचं मालमत्तेचं वर्णन तुमच्या घराशी जुळतं का बघा.
- पंचनामा आणि सामानाची यादी तुमच्यासमोर होऊ द्या. घर गहाण आहे, कपाट आणि भांडी नाहीत. सामान आत राहिलं तर ते नेण्याची तारीख लेखी घ्या.
- सही करायची तर "हक्क राखून" असं लिहून, तारखेसह करा.

सावधान: सील तोडून परत घरात शिरू नका. तोवर भांडण पैशांचं होतं, नंतर ते फौजदारी होतं. ताबा बेकायदा घेतला असेल तर डीआरटी तो परत द्यायला लावू शकतं, आणि तो अर्ज सील शाबूत असतानाच बरा दिसतो.

घरात भाडेकरू असेल तर त्याचा अर्ज वेगळा. गहाणाच्या आधीचा नोंदणीकृत करार किंवा बँकेची संमती असेल तर त्याला उभं राहता येतं. नोटीस आल्यावर घाईने बनवलेला, मागची तारीख टाकलेला भाडेकरार टिकत नाही आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही घालवतो.

## टप्पा ८: जाहिरात छापली की दार बंद

हा टप्पा सातव्यानंतरच येतो असं समजू नका. बँक सांकेतिक ताब्यावरही लिलाव काढू शकते. म्हणजे तुम्ही घरात जेवत असताना लिलावाची जाहिरात छापून येऊ शकते.

कलम १३(८) आधी वेगळं होतं. विक्री किंवा हस्तांतरासाठी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता येत असे. १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते बदललं. आता सगळी बाकी आणि बँकेचा खर्च लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याच्या तारखेआधी भरायला हवा. जुनी पुस्तकं आणि जुने सल्लागार अजून आधीचाच नियम सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सेलीर विरुद्ध बाफना मोटर्स प्रकरणात यावर शिक्का मारला. तिथे लिलावात बोली लागली होती १०५.०५ कोटींची. कर्जदार त्यानंतर १२९ कोटी भरायला तयार झाला, उच्च न्यायालयाने परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: जाहिरात आली, हक्क संपला, आता मालमत्ता लिलावातल्या ग्राहकाची. चोवीस कोटी जास्त देणाऱ्याची ही गत, तर "लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन जातो" म्हणणाऱ्याने कशावर विसंबावं?

आता या सगळ्यातला सापळा. विक्रीआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. लोक ती वाचून म्हणतात, अजून महिना आहे. पण ते ३० दिवस विक्रीपर्यंतचे आहेत, सोडवण्याचे नव्हेत. जाहिरात अनेकदा त्याच सुमारास छापून येते. ती नोटीस हातात पडेल तेव्हा तुमची मुदत उरलेली नाही असं धरूनच चाला.

म्हणून पैसे भरण्याचा क्रम, जाहिरातीच्या बराच आधी:

१. एकूण देणं व्याज आणि खर्चासह, अमुक तारखेपर्यंतचं, असं लेखी मागा. बँक आकडा द्यायला चालढकल करत असेल तर मागणीचं स्मरणपत्र द्या.
२. पूर्ण रक्कम भरा. आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्ट, कर्जखात्यातच. वसुली एजंटाच्या हाती रोख नको.
३. सोबत पत्र: "कलम १३(८) नुसार संपूर्ण देणं भरत आहे." पोच तारखेसह.
४. खर्चाच्या आकड्यावर वाद असेल तर हरकत नोंदवून भरा, वाद नंतर घाला. काही हजारांसाठी अडून बसलात आणि जाहिरात आली, तर भरणा अपुरा ठरतो.

पुढच्या तारखेचा चेक, कर्ज मंजूर होत असल्याचं दुसऱ्या बँकेचं पत्र, किंवा एकरकमी तडजोडीचा अर्ज म्हणजे भरणा नव्हे. तडजोड म्हणजे ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटलं आहे. शाखाधिकाऱ्याने तोंडी "वर पाठवलंय, होईल" म्हटलं तरी घड्याळ थांबत नाही.

पैसे भरून झाले की कलम १४ चा अर्ज मागे घेतल्याचं पत्र, बाकी नसल्याचा दाखला, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा उतरवणं आणि सेर्साईची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद काढणं यांचा पाठपुरावा करा. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

## टप्पा ९: जाहिरात आलीच, तर काय उरतं

हक्काने सोडवणं संपलं, पण प्रक्रिया तपासणं संपलेलं नाही. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेतला का, राखीव किंमत (लिलावातली किमान किंमत) त्याला धरून आहे का, पहिल्या लिलावासाठी ३० दिवस गेले का, जाहिरात दोन वर्तमानपत्रांत आली का, तुम्हाला आणि जामीनदाराला नोटीस मिळाली का. यात गंभीर दोष असेल तर डीआरटीत जा, इथेही ४५ दिवसच. डीआरटीत हरल्यावर वरच्या न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी कर्जदाराला देण्याच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. ती २५ टक्क्यांपर्यंतच कमी होऊ शकते.

ग्राहकावरही लक्ष ठेवा. बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची असते, उरलेली विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. या तारखा पाळल्या गेल्या नाहीत तर तो मुद्दा तुमच्या कामाचा आहे.

विक्री पूर्ण झाली तरी तुम्ही घरात असाल, तर बँक विक्री प्रमाणपत्र दिल्यानंतरसुद्धा कलम १४ खाली ताबा मागू शकते. विक्री झाल्यावर बँकेला लेखी पत्र देऊन हिशोब मागा: किती आले, खर्च किती, कर्जात किती वळते केले. वर उरलेले पैसे तुमचे असतात, आणि न मागितल्यास ते बरेच दिवस बँकेतच पडून राहू शकतात. कमी पडले तर उरलेली बाकी बँक तुमच्याकडून आणि जामीनदारांकडून वसूल करू शकते, तेव्हा हा हिशोब जामीनदारालाही दाखवा.